काळ्या रंगाचें मोल



छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेहून, दक्षिणेस पैठणकडे जाणारी वाट सुमारें ५० किलोमीटरांची आहे. महाराष्ट्रांतील सुखवस्तु घरांना मोह घालणाऱ्या दोन अगदीं भिन्न वस्तु या एकाच वाटेवर तयार झाल्या. वाटेच्या शेवटीं, गोदावरीच्या कांठीं, पैठणी विणली गेली व आजहि विणली जाते. आणि वाट निम्मी होण्याच्या आधींच पैठण तालुक्यांतील चितेगांव लागतें. तेथें व्हिडिओकॉनच्या कारखान्यांत दूरचित्रवाणीचे संच तयार होत असत. लुगडें आणि चित्रवाणी यांचा परस्परांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, दोन्ही वस्तु विकत घेतांना गृहस्थापुढें एकच प्रश्न उभा राहतो: साधी वस्तु स्वस्तांत मिळत असतां भारी वस्तूसाठीं जादा पैसे मोजावे काय?

आज हा प्रश्न ओएलईडी नांवाच्या भारी चित्रवाणी संचाच्या रूपानें घरोघरीं विचारला जात आहे. साध्या एलसीडी संचाच्या मानानें, तितक्याच मापाच्या या संचास बहुधा दुपटीहून अधिक किंमत पडते. दुकानदार त्याचें चित्र दाखवितो, पाहणारा थक्क होतो, आणि घरीं येऊन हिशेब करूं लागतो. प्रश्न घरगुती खरा. पण त्याला इतिहास आहे. तो न पाहतां उत्तर देऊं गेल्यास पैठणीचा हिशेब चित्रवाणीला लावून आपण फसण्याचा संभव आहे. म्हणून आजच्या भाषणांत या वाटेच्या इतिहासांतूनच उत्तर शोधण्याचा माझा विचार आहे.

मौल्यवान मालाची ओळख पैठणला नवी नाहीं. सातवाहनांच्या काळीं हें प्रतिष्ठान नगर राजधानीचें ठिकाण होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथांत पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर, या दोन पेठांचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असें तो सांगतो. या पेठांतील माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या प्रदेशांतून, भडोचेस नेत. यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पैठणचें वस्त्र प्राचीन काळीं रोमला जात असे, असें आपण अभिमानानें म्हणतों. पण हा लेखक पैठणहून अकीकाचे दगड जात असें लिहितो, आणि कापडाचें नांव घेतो तें तगराच्या संबंधांत. तो धंद्याचा माणूस होता. गांवाची कीर्ति मोठी म्हणून त्यानें तेथला सगळाच माल थोर ठरविला नाहीं. कोठें काय मिळतें, तेवढें नेमकें टिपून ठेवलें. भारी वस्तु घेणाऱ्यानेंहि हीच दृष्टि ठेवावयास हवी.

आतां पैठणीकडे वळूं. पेशवाईंत या वस्त्राला मोठा आश्रय मिळाला; पुढें निजामाच्या राज्यांतहि तो टिकला. रघोजी नाईकांनीं वसविलेल्या येवल्यासहि हा धंदा फोफावला, इतका कीं आज पैठणीचा मोठा व्यापार तेथेंच चालतो. पैठणांत विणकरांची संख्या रोडावली, तेव्हां महाराष्ट्र शासनाच्या लघुउद्योग विकास महामंडळानें तेथें केंद्र चालवून ही विद्या जगविली. सन २०१० मध्यें पैठणीला भौगोलिक निर्देशनाचें कायदेशीर संरक्षणहि मिळालें. हें संरक्षण मागावें लागलें, कारण यंत्रमागावर विणलेलें, दिसावयास तसेंच पण किमतीनें कितीतरी हलकें कापड पैठणी या नांवानें खपत होतें.

मग अस्सल पैठणीचा जादा दाम जातो कोठें? त्याचें उत्तर पदर उलटून पाहिल्यास मिळतें. खऱ्या पैठणीच्या पदरावरील प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या लहान कांडीवर असतो. मोराची मान जेथें संपते, तेथें तो निळा धागा शेजारच्या धाग्यांत अडकवून विणकर परत फिरवितो. पुढच्या मोरापर्यंत तो मागच्या बाजूनें नुसताच ओढून नेत नाहीं. त्यामुळें बांगडी मोर असो कीं मुनिया असो, पदराची उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसते. यंत्रावर विणलेल्या नकलेच्या पाठीमागें सुटे धागे लोंबतात, किंवा ते कातरलेल्या खुणा दिसतात. हाताच्या कामाला महिने लागतात, आणि नक्षी दाट असेल तर त्याहूनहि अधिक काळ. जादा दाम म्हणजे त्या महिन्यांची मजुरी होय. दुसरा भाग जरीचा. पूर्वीं ही जर सोन्यारुप्याची असे. लुगडें विरून गेल्यावर जर जाळून त्यांतलें सोनेंरुपें परत मिळविण्याची रीत कित्येक घरांत होती. म्हणजे दिलेल्या पैशांतला कांहीं हिस्सा पिढीनंतरहि हातीं येई.

या अनुभवांतून मराठी घरांत एक समजूत मुरली आहे: घ्यावयाचें तर अस्सलच घ्यावें, महाग तें टिकाऊ, एकदां घेतलें कीं सुनानातवंडांपर्यंत पाहावयास नको. तांब्यापितळेच्या भांड्यांना, सागवानी कपाटांना आणि पैठणीला ही समजूत बरोबर लागू पडे. चित्रवाणी संच घेतांनाहि आपण नकळत तीच समजूत मनांत बाळगून दुकानांत शिरतों. ती तेथें कितपत खरी ठरते, हें या यंत्राचा आपल्या प्रांतांतला इतिहास सांगतो.

भारतांत दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रयोगादाखल झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि १९७३ त सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें तें चित्र पुण्यासहि दिसूं लागलें. चित्र काळेंपांढरें होतें. चाळींत एका घरीं संच असे व शेजारचीं दहा घरें संध्याकाळीं तेथें जमत. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ याच काळांत पडद्यावर आले, आणि त्यांच्या फजितींत रंग नाहीं म्हणून कोणाचें हसूं कमी झालें नाहीं.

पुढें रंग आला. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम रंगीत प्रक्षेपित होऊं लागला, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांतील आशियाई क्रीडास्पर्धांनीं रंगीत संचाची हौस देशभर पसरविली. जादा दामाचा प्रश्न मध्यमवर्गापुढें आला, तो असा. काळापांढरा संच चालू स्थितींत होता. रंगीत संच त्याहून कितीतरी महाग होता. ज्यांनीं तो पहिल्याच वर्षीं घेतला, त्यांना एक गोष्ट लवकरच उमगली: संच रंगीत असला तरी कार्यक्रम रंगीत नसेल, तर चित्र काळेंपांढरेंच दिसणार. वाढीव किमतीचें सार्थक पेटीपेक्षां बाहेरून येणाऱ्या चित्रावर अवलंबून होतें. पुढें १९८३ त इन्सॅट १-ब हा उपग्रह अवकाशांत गेला, लहान प्रक्षेपक गांवोगांवीं उभे राहिले, १९८४ त 'हम लोग' आणि १९८७ त 'रामायण' या मालिका आल्या. तोंवर रंगीत संचहि पुष्कळ घरांच्या आवाक्यांत आला होता. जे थांबले त्यांनीं कमी पैसे दिले. जे थांबले नाहींत त्यांनीं आशियाई स्पर्धा रंगांत पाहिल्या. दोघांनाहि आपल्या पैशाचें कांहीं ना कांहीं मिळालें. मिळालेली वस्तु मात्र निराळी होती.

रंगीत संच आवाक्यांत आणणाऱ्यांमध्यें चितेगांवचा कारखाना होता. गंगापूरच्या साखरधंद्याशीं संबंध असलेल्या नंदलाल माधवलाल धूत यांच्या कुटुंबानें १९८० नंतरच्या दशकांत जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक साहाय्यानें व्हिडिओकॉनचे रंगीत संच काढले. कंपनीचें नोंदणीकृत कार्यालय मुंबईदिल्लीसारख्या शहरांत नव्हतें. तें पैठण रस्त्यावर १४ किलोमीटरच्या दगडापाशीं, चितेगांवींच होतें. मराठवाड्यासारख्या अवर्षणानें गांजलेल्या भागांत, जेथें बागायतीसाठीं जायकवाडीच्या पाण्याकडे डोळे लागलेले, तेथें परदेशी वाटणारी ही वस्तु तयार होऊं लागली. या उद्योगसमूहाचा चित्रनळीची कांच ओतण्याचा कारखाना होता भडोचनजीक चावज येथें. पेरिप्लसच्या लेखकाला ज्या भडोचेस पैठणचा माल गाड्यांतून जातांना दिसला, त्याच भडोचेचा आणि पैठण तालुक्याचा संबंध दोन हजार वर्षांनंतर कांचेच्या निमित्तानें पुन्हां जुळला.

त्या कांचेच्या नळीचें काम कसें चाले, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण ओएलईडीची सारी कथा तेथूनच सुरू होते. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राऊन यानें १८९७ त अशी नळी प्रथम तयार केली. निर्वात नळीच्या मागच्या टोंकांतून विद्युत्कणांचा झोत निघतो आणि पुढच्या कांचेच्या आंतील अंगास लावलेल्या भुकटीवर आदळतो. जेथें आदळतो तेवढी भुकटी उजळते. जेथें झोत पडत नाहीं, तेथें कांहींच उजळत नाहीं. म्हणजे पडद्यावरचा काळा रंग हा खराखुरा अंधार असे. दिवसा कांचेवर बाहेरचा उजेड पडून तो करडा दिसे. पण रात्रीं दिवा मालवला कीं काळें काळेंच दिसे.

काळ्या रंगाचें एवढें कौतुक कशाला, असें वाटेल. त्याचें उत्तर लुगडीं निवडणाऱ्या कोणत्याहि गृहिणीला ठाऊक आहे. संक्रांतीची काळी चंद्रकळा आठवा. तीच जर, तोच कांठ, फिकट अंगाच्या वस्त्रावर सौम्य दिसतो आणि काळ्यावर लखलखतो. जरींत फरक नसतो, फरक पाठभूमींत असतो. चित्राचेंहि तसेंच आहे. दिवाळीच्या रात्रीचें दृश्य असेल, तर पणत्यांचें तेज पणतीच्या उजेडापेक्षां भोंवतालच्या अंधारावर अधिक अवलंबून असतें. अंधार करडा झाला कीं पणती विझल्यासारखी दिसते.

नळीचा दोष तिच्या आकाराचा होता. ती जड, खोल आणि वीज खाणारी. मोठा पडदा करूं म्हटलें तर दोन माणसांना उचलवेना. म्हणून सपाट पडद्याचा शोध चालला होता, आणि त्यांतून एलसीडी पुढें आला. या पडद्यांत चित्राचे ठिपके स्वतः उजळत नाहींत. मागें दिव्यांची रांग सतत जळत असते, आणि पुढें द्रवस्फटिकांचीं सूक्ष्म झडपें उघडमीट करून तो प्रकाश कोठें सोडतात, कोठें अडवितात. झडप पुरती मिटली तरी फटींतून थोडा उजेड झिरपतोच. त्यामुळें काळा रंग करडा होतो. लोकांनीं हा दोष मुकाट्यानें पत्करला, कारण पडदा भिंतीवर टांगतां येऊं लागला. भिंतीवरच्या जागेसाठीं आपण अंधार विकला, असें म्हटलें तरी चालेल.

या पालटाचा अंदाज धंद्यांतल्या जाणत्यांसहि आला नाहीं. २००५ सालीं व्हिडिओकॉननें फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा जागतिक धंदा सुमारें २४ कोटि युरोंना विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीन येथले कारखाने पैठण रस्त्यावरच्या कंपनीच्या ताब्यांत आले. तालुक्याच्या दृष्टीनें ती केवढी तरी मोठी घटना होती. पण २००७ च्या शेवटच्या तिमाहींतच जगांत एलसीडी संचांची विक्री नळीच्या संचांच्या पुढें गेली, आणि नळीचा काळ पाहतां पाहतां सरला. ज्यांनीं नळी सोडली त्यांच्याकडून ती स्वस्तांत मिळाली, हेंच तिचें वय झाल्याचें लक्षण होतें. कंपनीनें पुढें तेल, दूरध्वनि आदि इतर धंद्यांतहि हात घातला, कर्जाचा डोंगर वाढला, आणि जून २०१८ मध्यें ती दिवाळखोरीच्या कायदेशीर कारवाईंत गेली. तिच्या पडण्याचें कारण एकटी चित्रनळी नव्हे. पण पडत्या काळीं ज्या मालाचा आधार असावा, तो मालच बाजारांतून उठला होता. त्याची झळ दूरच्या भागधारकांपेक्षां या वाटेवरच्या कामगारांच्या घरांना अधिक लागली.

येथें दुसरेंहि एक उदाहरण नोंदविण्याजोगें आहे. सपाट पडद्यांत प्लाझ्मा म्हणून एक प्रकार होता. त्याचे ठिपके स्वतः उजळत, त्यामुळें काळा रंग एलसीडीहून पुष्कळ खोल दिसे. चित्राचे दर्दी त्याचीच निवड करीत. तरीहि तो टिकला नाहीं. पॅनासॉनिकनें २०१३ च्या अखेरीस त्याचें उत्पादन बंद केलें, आणि दुसऱ्या वर्षीं सॅमसंग व एलजी यांनींहि त्याच वाटेनें जाण्याचें ठरविलें. चांगलें चित्र हरलें आणि स्वस्त, उजळ, हलका पडदा जिंकला. चित्रवाणीच्या बाजारांत सरस वस्तूचाच जय होतो, हा समज इतिहासास मान्य नाहीं.

आतां ओएलईडी. कार्बनी संयुगांच्या अतिशय पातळ थरांतून वीज सोडली असतां ते थर स्वतः प्रकाश देतात. चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या ईस्टमन कोडक कंपनींतील दोन शास्त्रज्ञांनीं १९८७ सालीं हें व्यवहारांत आणतां येईल अशा रीतीनें दाखवून दिलें. म्हणजे ज्या सालीं आपल्याकडे रविवारीं सकाळीं रस्ते ओस पाडणारें 'रामायण' सुरू झालें, त्याच सालीं या पडद्याचें बीज पडलें. सोनीनें २००७ त पहिला असा संच विक्रीस काढला; पडदा अवघा ११ इंचांचा, आणि किंमत २ लक्ष येन. २०१३ च्या आरंभीं एलजीनें कोरियांत ५५ इंची संच आणला, त्याची किंमत होती १ कोटि १० लक्ष वॉन, म्हणजे दहा हजार डॉलरांच्या आसपास. आज त्याच मापाचा, आणि चित्रानें त्याहून सरस, संच त्या रकमेच्या लहानशा हिश्श्यांत मिळतो.

या पडद्यावर मागें दिव्यांची रांग नाहीं. चांगल्या संचाच्या पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६०, म्हणजे जवळ जवळ ८३ लक्ष ठिपके असतात, आणि त्यांतील प्रत्येक ठिपका आपापला उजळतो व आपापला विझतो. पैठणीच्या पदरावर जशी प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, तसाच येथें प्रत्येक ठिपक्याचा कारभार वेगळा. ठिपका विझला कीं तेथें निखळ अंधार. बाजूनें पाहिलें तरी रंग फिके पडत नाहींत. धांवता चेंडू पाठीमागें पुसट शेपूट सोडीत नाहीं. म्हणजे जादा दाम देऊन आपण काय परत मिळवितों? चितेगांवच्या जुन्या पेटींत होता तो अंधार, पण आतां भिंतीवर टांगतां येणारा आणि शतपट रेखीव.

ही बाजू खरी आहे. दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे, आणि ती दुकानांत सहसा सांगितली जात नाहीं. पहिली गोष्ट, हा अंधार खोलींतहि अंधार असेल तरच दिसतो. आपल्या दिवाणखान्यांत दुपारीं खिडक्यांतून ऊन येतें, संध्याकाळीं ट्यूब लागते, स्वयंपाकघराचें दार उघडें असतें. अशा उजेडांत काळ्याचा खोलपणा वाया जातो, आणि पडदाभर लख्ख उजेड देण्याच्या कामीं उत्तम प्रतीचा एलसीडी संच बहुधा सरस ठरतो. त्या संचांतहि आतां मागचे दिवे शेंकडों लहान गटांत वांटून हवे तेथें मंद करतां येतात. त्यामुळें दोहोंतलें अंतर पूर्वींइतकें राहिलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. हे कार्बनी थर वापरानें झिजतात, आणि सगळे सारखे झिजत नाहींत. एखादी आकृति एकाच जागीं रोज तासन्‌तास राहिली, तर तेथले ठिपके अधिक थकून तिची पुसट छाप पडद्यावर राहूं शकते. ती टाळण्याच्या युक्त्या नव्या संचांत असतात व त्या बऱ्याच उपयोगी पडतात. तरीहि आपल्या घरांतली संवय लक्षांत घ्या. सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वृत्तवाहिनी चालू, तळाशीं लाल पट्टी, कोपऱ्यांत वाहिनीचें बोधचिन्ह. वडील मंडळी पेपर वाचतां वाचतां अधूनमधून वर पाहतात. अशा घरांत हा संच आणणें म्हणजे पैठणी नेसून रोजची चूल सांभाळण्यासारखें आहे.

तिसरी गोष्ट १९८२ चीच आहे. चित्र मुळांत पुसट आलें, तर पडदा कितीहि थोर असला तरी तें पुसटच दिसणार. जुन्या पद्धतीच्या केबलवरून येणारी मालिका भारी पडद्यावर आपले दोष अधिकच उघडे करते.

आणि चौथी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पैठणीचा जादा दाम मनुष्याच्या हाताला आणि सोन्यारुप्याला जातो. हाताची मजुरी वर्षागणिक वाढते, सोनें महाग होतें. म्हणून आजची पैठणी उद्यां अधिक मोलाची ठरूं शकते. चित्रवाणीचा जादा दाम मात्र काळाला जातो. जें चित्र कांहीं वर्षांनीं स्वस्तांत मिळणार आहे, तें आज पाहण्याची ती किंमत असते. ११ इंची संचाचे २ लक्ष येन, ५५ इंची संचाचे कोटीहून अधिक वॉन, रंगीत संचाची १९८२ ची किंमत, या साऱ्या रकमा अशाच आज पाहण्यासाठीं दिलेल्या होत्या. सरकारी करहि एकसारखा राहत नाहीं: ३२ इंचांहून मोठ्या संचांवरचा वस्तु व सेवा कर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्या तारखेच्या आदल्या आठवड्यांत ज्यांनीं संच घेतला, त्यांना काळाची किंमत वेगळी समजावून सांगावयास नको. ही किंमत देणें गैर आहे असें नाहीं. पण ती ठेव नव्हे, खर्च आहे. नाटकाच्या पहिल्या रांगेचें तिकीट जसें खर्च असतें तसा. सुनानातवंडांसाठीं म्हणून कोणी तो करूं नये.

तर मग निर्णय काय? पैठणी घेतांना पदर उलटून पाहावा, तसें येथें आपलें घर उलटून पाहावें. सायंकाळीं दिवे मंद करून, लक्ष देऊन चित्रपट किंवा सामना पाहणारें घर असेल. उत्तम प्रतीचें चित्र पुरविणारी सोय असेल. आणि सातआठ वर्षांनीं संच बदलावा लागला तरी मन कुरकुरणार नसेल, तर हा जादा दाम सार्थ आहे. त्या घराला खरोखरच असें कांहीं मिळेल, जें साध्या संचांत नाहीं. पण उजेडाच्या दिवाणखान्यांत दिवसभर बातम्या आणि मालिका चालत असतील, तर चांगल्या एलसीडी संचावर समाधान मानावें. उरलेल्या पैशांत आवाजासाठीं वेगळा ध्वनिक्षेपक घेतला, तर सपाट संचांच्या कोत्या आवाजाचा दोषहि दूर होईल, आणि मालिकांतले संवाद आजीआजोबांना नीट ऐकूं येतील. घरांतल्या म्हाताऱ्या माणसाला रात्रीच्या अंधारापेक्षां शब्दांचा स्पष्टपणा अधिक मोलाचा असतो.

दुकानांत पाहावयास गेलांत, तर एक गोष्ट अवश्य करा. दुकानदार जी झगमगती फुलें आणि कारंजीं दाखवितो, तीं बाजूस ठेवून रात्रीचें एखादें दृश्य लावावयास सांगा. आणि शक्य असल्यास तेवढ्यापुरते तेथले दिवे कमी करवा. मग त्याच दृश्याकडे दिवे लावून पुन्हां पाहा. या दोन पाहण्यांतलें अंतर हीच त्या जादा दामाची खरी उलट बाजू आहे. तुमच्या घरीं दिवे कसे असतात, तें दुकानदाराला माहीत नाहीं. तुम्हांला माहीत आहे.

चितेगांवच्या कारखान्यानें हजारों घरांना पहिला रंग दाखविला, आणि उद्यांच्या पडद्याविषयींचा त्याचा अंदाज चुकला. जेथें कारखानदारांना उद्यांचें दिसलें नाहीं, तेथें गृहस्थानें उद्यांच्या भरंवशावर पैसे गुंतवूं नयेत. चित्रवाणी आजच्यासाठीं घ्यावी, आजच्या ऐपतीनें घ्यावी. आणि कांहीं मागें ठेवून जावें असें वाटत असेल, तर त्यासाठीं या वाटेवर आणखी छत्तीस किलोमीटर पुढें जावें. पैठणांत माग अजून चालू आहेत.